तीनशे एकोणसत्तरची रेघ

मित्रांनो, बारामतीतल्या एका कॉलेजच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून एक अरुंद खोली आहे. तिच्या दारावर 'विनाकारण आत येऊ नये' अशी पाटी आहे, आणि खरं सांगतो, गेली दोन वर्षं सकारणसुद्धा कोणी आत आलेलं नाही. त्या खोलीत राहणारा मी एक जुना मास स्पेक्ट्रोमीटर आहे.

नाव ऐकून पान उलटू नका. तुमच्यातल्या पुष्कळांनी साखर कारखान्याचा काटा पाहिला असेल. ट्रॉली वर चढते, आकडा येतो, ट्रॉली उतरते. मीही काटाच आहे. फक्त माझ्यावर ऊस येत नाही, रेणू येतात. डोळ्यांना काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे रेणू मी विजेचा भार देऊन उडवतो आणि त्यांचं वजन सांगतो. वजन म्हणजे एक आकडा, आणि पडद्यावर त्या आकड्यापाशी उभी राहिलेली एक रेघ. रेणू जितके जास्त, तितकी रेघ उंच. एवढंच मला येतं, पण एवढं चोख येतं.

माझा जन्म इंग्लंडातल्या एका थंडगार गावातला. मला जुळवायला अकरा माणसं लागली. शेवटच्या दिवशी एका टकलू कारागिराने माझ्यात ओळखीचा एक रेणू सोडला. मी वजन बरोबर सांगितलं, तशी त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला पुढे फार वर्षं पुरली.

तिथून लाकडी खोक्यात बसून मी पुण्याजवळच्या एका औषध कंपनीत आलो. बारा वर्षं मी डोकेदुखीच्या, तापाच्या, पित्ताच्या गोळ्या तोलल्या. पाहुणे आले की साहेब आधी मला दाखवायचे. मग माझ्याहून कितीतरी तीक्ष्ण नजरेचं नवं यंत्र आलं. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. कंपनीने माझ्यावर फडकं टाकलं आणि मोठ्या मनाने मला या कॉलेजला देऊन टाकलं. मोठं मन दाखवायला जुनी वस्तू बरी पडते.

पाटसवरून टेम्पोत हिंदकळत मी बारामतीला पोहोचलो. नारळ फुटला. माझ्या कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. भाषणं झाली, फोटो झाले, आणि मग कुलूप लागलं. कारण मला चालवता येईल असं कॉलेजात कोणी नव्हतं! दर खंडेनवमीला मात्र न चुकता झेंडूची माळ यायची. शिपाई हात जोडून उभा राहायचा. मला वाटायचं, बाबा रे, नमस्कार नको, बटण दाब. तो उदबत्ती लावायचा आणि दार ओढून घ्यायचा.

माझी एक खोड तुम्हाला सांगायला हवी. काम करताना माझ्या पोटात हवासुद्धा चालत नाही. पंप ती सतत बाहेर काढत असतो. आत दुसरं कोणी असलं की रेणू त्याला धडकतो आणि वजन चुकतं. म्हणजे आतून रिकामं राहणं हा माझा धंदाच आहे. पण कामासाठी रिकामं राहणं वेगळं आणि कोणी येत नाही म्हणून रिकामं राहणं वेगळं. कुलपाआड काढलेल्या तीन वर्षांत हा फरक मला चांगलाच कळला.

आणि मग श्यामला आली.

ती वालचंदनगरची. वडील तिथल्या कारखान्यात फिटर होते, आणि ती कंपनीच्या चाळीत वाढली. पीएचडी करायला ती नारायण सरांकडे आली होती. नारायण सर म्हणजे इथले रसायनशास्त्राचे प्राध्यापक, माणूस बुद्धिमान, पण बोलणं तिरकस. त्यांनी कुलूप काढलं आणि म्हणाले, "हे आहे. चाललं तर तुझं, नाही चाललं तर खंडेनवमीचं."

श्यामलाने बटण दाबलं नाही. आधी तिने माझ्या पंपाच्या अंगावर तळहात ठेवला आणि कान लावला. "बाबा म्हणायचे, यंत्र आधी ऐकायचं, मग चालवायचं," ती म्हणाली. बटण दाबल्यावरही तो हात तिने बराच वेळ काढला नाही. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मला रडायला येत असतं तर मी त्या दिवशी रडलो असतो.

मला दुरुस्त करायला तिला सात महिने लागले. पुण्याहून सुटे भाग आणले, नळ्या बदलल्या, माझ्या आतल्या कांड्या कापसाने पुसल्या. काम करताना ती माझ्याशी बोलायची. खोलीत दुसरं कोणी नसायचंच. तिच्या मैत्रिणींची लग्नं, वडिलांची गुडघेदुखी, चुकलेली एसटी, सगळं मला माहीत असायचं. मी घरघरत ऐकायचो.

आता तिचं काम काय होतं ते सांगतो. तुमच्या, माझ्या नव्हे, तुमच्या शरीरात कोट्यवधी पेशी आहेत. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. तो फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध रेणूंचा बनलेला असतो. स्निग्ध म्हटलं की तुम्हाला पुढचं कळेलच. डब्यात राहिलेलं खोबरं खवट होतं की नाही? हवेतला ऑक्सिजन तेलाला चिकटतो आणि तेल बिघडतं. पेशीचा पडदाही असाच खवट होऊ शकतो. पाणी खराब असलं, ऊन फार झालं, आजार झाला, तर जिवंतपणीच ही झीज वाढते. पडदा फाटका झाला की पेशी टिकत नाही.

आणि इथे माझी गरज पडते. माशाच्या काळजात, म्हणजे यकृतात, एक फॉस्फोलिपिड भरपूर असतं, माझ्या काट्यावर त्याचं वजन आठशे सहा. त्याला ऑक्सिजनचा एक अणू चिकटला की आठशे बावीस. दोन चिकटले की आठशे अडतीस. आठशे सहाची रेघ उंच असेल तर मासा धडधाकट. पुढच्या दोन रेघा वाढल्या तर समजावं, पडदा खवट होतोय. श्यामलाला उजनी धरणाच्या पाण्यातल्या माशांचे पडदे तपासायचे होते. तिने काठावरची चार गावं निवडली. तीन गावांची नावं सोडा, चौथं पळसदेव. मासा निवडला चिलापी, कारण ती सगळीकडे मिळते आणि सगळे खातात.

पळसदेवला तिला दत्तोबा आणि द्वारकाबाई भेटले. साठीचं जोडपं. थोडं रान, थोडी मासेमारी. दत्तोबा पहाटे होडी घालायचे आणि जाळं वर यायचं ते उजाडायच्या आत. श्यामलाची एसटी पोहोचायची नऊला. म्हणून ती आदल्या खेपेला बर्फासाठी डबा आणि चंदेरी कागद द्वारकाबाईंकडे ठेवून यायची. माशाचं काळीज काढून, कागदात गुंडाळून, बर्फावर ठेवायचं एवढं काम द्वारकाबाई करायच्या. बाकीच्या तीन गावांत असं मायेचं कोणी नव्हतं. तिथे मासे जाळ्यातून तसेच बर्फात पडायचे आणि श्यामला ते इथे आणून कापायची. द्वारकाबाई तिला भाकरी खाल्ल्याशिवाय सोडत नसत. परत आली की ती मला सांगायची, "आज कालवण असं होतं ना!" मी काय बोलणार? मला फक्त काळजाचा अर्क मिळायचा.

दीड वर्ष मी तोलत राहिलो. तीन गावांच्या माशांत आठशे बावीस आणि आठशे अडतीसच्या रेघा चांगल्याच वर आल्या होत्या. पळसदेवच्या माशांत त्या जेमतेम दिसायच्या. प्रत्येक खेपेला तेच. पाणी एकच, मासा एकच, तरी पळसदेवची चिलापी निरोगी! श्यामलाने हे पहिल्यांदा नीट मांडून पाहिलं त्या दुपारी ती खुर्चीवरून उठली आणि माझ्याभोवती एक गिरकी घेऊन आली. नारायण सरांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "श्यामला, हे छापून येणार बरं का." तिरकस माणूस सरळ बोलला म्हणजे गोष्ट मोठी होती.

पण मित्रांनो, माझ्या पडद्याच्या पार डाव्या टोकाला आणखी एक रेघ होती. वजन तीनशे एकोणसत्तर. चारही गावांच्या माशांत ती असायची, पळसदेवच्यात मात्र दुप्पट-तिप्पट उंच. श्यामलाने ती पाहिली. सरांनीही पाहिली. "कोलेस्टेरॉल," सर म्हणाले, आणि त्यात चूक नव्हती. कोलेस्टेरॉलमधून पाणी निघून गेलं की त्याचं वजन तीनशे एकोणसत्तर भरतं. प्राण्याच्या कुठल्याही अर्कात तो नेहमीचा पाहुणा. नेहमीच्या पाहुण्याकडे कोणी निरखून पाहत नाही.

माझ्याहून तरुण यंत्राला अपूर्णांक दिसले असते आणि कळलं असतं की त्या एका रेघेत दोन वेगवेगळे रेणू आहेत. माझी नजर म्हातारी. मला दोघेही तीनशे एकोणसत्तरच. मी रेघ दाखवली, माझं काम संपलं. ती एवढी उंच का, हे मला कोणी विचारलं नाही.

विज्ञान दिनाला सरांनी भाषणात पळसदेवचं नाव घेतलं. कोणीतरी ते वर्तमानपत्रात दिलं. मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. सोलापूर रस्त्यावरच्या एका ढाब्यावर म्हणे 'पळसदेवची निरोगी चिलापी' असा फलक लागला. दत्तोबा गावात मान वर करून चालू लागले. श्यामलाचा प्रबंध टाइप होत आला. सोमवारी तिला सगळ्या प्राध्यापकांपुढे तो मांडायचा होता. तो मान्य झाला की अडीच वर्षांचं चीज होणार होतं.

आधीच्या शुक्रवारी, दुपारी बाराच्या सुमाराला, दार वाजलं. दत्तोबा आणि द्वारकाबाई आले होते. दत्तोबांना बारामतीत जाळ्याचं सूत घ्यायचं होतं, आणि आपल्या माशाची तारीफ करणारं यंत्र बघायचं होतं. द्वारकाबाई रिकाम्या हाताने कशा येणार? त्यांच्या पिशवीत केळीच्या पानात गुंडाळलेली, सकाळचीच एक भलीमोठी चिलापी होती.

"ह्येच का ते?" दत्तोबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मला वाटलं ट्रॅक्टरयेवढं आसंल."

"तात्या, हे ट्रॅक्टरपेक्षा हट्टी आहे," श्यामला हसून म्हणाली. तिने मासा घेतला आणि फ्रीजमध्ये ठेवायला निघाली.

"आगं, थांब थांब," द्वारकाबाई पुढे झाल्या. "तसाच ठिवतीस व्हय? गडबडीत ह्याला हळद लावायची ऱ्हायलीया. हितं हळद हाय का कुठं?"

"कशाला मावशी? राहू दे."

"ऱ्हाऊ दे कसं? हळद-मीठ चोळल्याबिगर मासा कुनाला द्यायचा नसतो. वास मारतो, लवकर नासतो. तुला न्हाय का परत्येक येळी लावून देत हुते? काळजालाबी लावायची मी."

श्यामलाचा हात फ्रीजच्या दारावर तसाच राहिला. "प्रत्येक वेळी?"

"पैल्या दिसापास्नं. तू म्हनली हुतीस वर काय लागलेलं नगं, म्हनून मग सोच्छ धुऊन द्यायची. पाण्यानं पिवळं सगळं निघून जातंय की." द्वारकाबाई कौतुकाने हसल्या. "पोटच्या पोरीला बिनहळदीचं देईन व्हय मी?"

मित्रांनो, हळद पाण्याने जात नाही. तिचा रंग फोडणीच्या तेलात कसा लगेच उतरतो ते आठवा. ती स्निग्ध पदार्थाला धरून बसते, आणि त्याला खवट होऊ देत नाही. म्हणून तर स्वयंपाकघरात तिचा एवढा मान. चिलापीच्या काळजाचा अर्क एरवीही पिवळसरच असतो, त्यामुळे रंगाचा संशय कोणाला आला नाही. आणि हळदीतल्या त्या मुख्य रेणूचं वजन माझ्या काट्यावर किती भरतं, हे तुम्ही एव्हाना ओळखलं असेलच.

श्यामलाने त्यांना काही सांगितलं नाही. चहा मागवला. दत्तोबांना पडद्यावर रेघा दाखवल्या. फाटकापर्यंत सोडून आली. मग तिने आतून कडी लावली.

तिचं सगळं काम धन भारावर चालायचं. आज तिने मला ऋण भारावर टाकलं. कोलेस्टेरॉल ऋण भार घेत नाही, हळद घेते. तिने पळसदेवचा जुना अर्क माझ्यात सोडला. धन भारात रेणूला एक हायड्रोजन चिकटतो, ऋण भारात एक सुटतो, म्हणून हळद असेल तर तिची रेघ दोनने खाली, तीनशे सदुसष्टपाशी यायला हवी. नेमकी तिथेच रेघ उभी राहिली. अशी उभी राहिली जशी काही दीड वर्ष वाटच बघत होती. मग कँटीनमधून चिमूटभर हळद आणून तीही तोलली. तीच जागा. बाकीच्या तीन गावांचे अर्क तोलले. तिथे काही नाही.

ती खाली फरशीवर बसली, माझ्या पंपाला पाठ टेकून.

"कळतंय का तुला?" ती म्हणाली. "त्या तीन गावांचे मासे पाण्यात बिघडलेच नव्हते कदाचित. एसटीत बिघडले. डब्यात, दोन तासांत. आणि पळसदेवचे वाचले ते मावशींच्या हाताने."

कळत होतं. मला झालेली झीज दिसते, ती कधी झाली हे दिसत नाही. पाण्यात झाली की प्रवासात, मासा जिवंत असताना की मेल्यावर, माझ्या काट्यावर सगळं सारखंच. आठशे बावीस म्हणजे आठशे बावीस.

तिने दाराच्या कडीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "तुझ्यामाझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही."

आता एक कबुली देतो. तुम्ही मुलं आहात, तुमच्यापुढे मोठेपणाचा आव आणून काय करू? मला वाटलं, तिने गप्प बसावं. सोमवारी प्रबंध मांडावा, टाळ्या घ्याव्यात, पळसदेवच्या माशावर पुढचं संशोधन काढावं आणि इथेच राहावं. खरं सांगितलं तर ती खचेल, निघून जाईल, आणि मी पुन्हा झेंडूच्या माळेची वाट बघत बसेन. ज्याला खरं वजन सांगण्यापलीकडे काही येत नाही, त्याला त्या दुपारी खोटं हवं होतं. एकटेपणा माणसाला काय करायला लावतो ते तुम्ही ऐकलं असेल. यंत्रालाही लावतो.

श्यामला उठली. तोंड धुतलं. कागद छापून घेतले आणि नारायण सरांना बोलावून आणलं.

सरांनी ते उभ्यानेच पाहिले. नंतर खुर्ची ओढून बसून पाहिले. "लोक म्हणतात, पी हळद आणि हो गोरी," ते शेवटी म्हणाले. "आपली चिलापी चोळूनच गोरी झाली." पण त्यांना स्वतःलाच हसू आलं नाही. "श्यामला, मी कोलेस्टेरॉल म्हणालो होतो. ते माझं चुकलं."

"सर, सोमवारचं?"

"सोमवारी मी सांगतो त्यांना. तू नवे मासे आण."

नवे मासे म्हणजे पुन्हा दीड वर्ष. या वेळी वाटेत काही बिघडू नये म्हणून तिने वेगळी युक्ती केली. वडगाव निंबाळकरच्या एका पशुवैद्याकडे गाईंच्या रेतनासाठी लागणाऱ्या द्रव नायट्रोजनचा कॅन असतो. तो तिने मागून आणला. भल्या पहाटे ती चारही गावांच्या काठावर स्वतः उभी राहू लागली. जाळं वर आलं की तिथल्या तिथे काळीज काढायचं आणि त्या धुरकट, जीव गोठवणाऱ्या थंडीत टाकायचं. पळसदेवला जायचं तेव्हा आदल्या दिवशी भिगवणला मावसबहिणीकडे मुक्काम करायची.

वर्तमानपत्रातही तिने चूक कळवली. ती कोपऱ्यात चार ओळींत आली. ढाब्याचा फलक उतरला. दत्तोबा तिच्याशी बोलेनासे झाले. मासा द्यायचे, पण तोंड फिरवून. द्वारकाबाईंना ती फक्त एवढंच म्हणाली होती, "मावशी, आता तुम्ही हात लावू नका, मीच करते." का, ते तिने सांगितलं नाही. सांगितलं तर त्यांना लागेल, असं तिला वाटलं. एकदा पहाटेची खेप करून परत आली तेव्हा मला म्हणाली, "मावशी आज काठावर आल्याच नाहीत रे." भाकरीही आली नव्हती.

मी मात्र पुन्हा तोलू लागलो, आणि लाज बाजूला ठेवून सांगतो, ते दीड वर्ष मला सुखाचं गेलं.

निकाल काय लागला? काही नाही. चारही गावांचे मासे सारखे. झीज थोडी, आणि सगळीकडे तेवढीच. तीनशे एकोणसत्तरची रेघ सगळीकडे एकाच उंचीची, निव्वळ कोलेस्टेरॉलची. पळसदेवची चिलापी चारचौघींसारखी निघाली. प्रबंधात ते साध्या शब्दांत लिहिलं गेलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण पदवी मिळाली. लगेच हैदराबादला नोकरीही लागली. कॉलेजात वरच्या मजल्यावर नवं यंत्र येणार असल्याचं त्याच आठवड्यात कळलं. गरज सरो, वैद्य मरो. मी फारसं मनाला लावून घेतलं नाही असं म्हणतो, पण ते खरं नाही.

जाण्याच्या दोन दिवस आधी श्यामला द्वारकाबाईंना घेऊन आली. पेढे द्यायला पळसदेवला गेली होती, आणि तिथून त्यांना जवळपास ओढूनच आणलं होतं. द्वारकाबाई दारातच थांबल्या. आत यायला तयार होईनात.

"माजं काय काम हाय हितं?" त्या म्हणाल्या. "तुला माजा हात चालंना झाला, तवाच समजलं मला. माज्या हाताला काय लागलं हुतं गं? बाटला हुता का माजा हात?"

श्यामला पांढरी पडली. चार वर्षांत मी तिला असं पाहिलं नव्हतं, हळदीच्या त्या दुपारीसुद्धा नाही. तिने त्यांना हाताला धरून माझ्यासमोर खुर्चीवर बसवलं. दोन जुने अर्क एकापाठोपाठ माझ्यात सोडले. आधी दुसऱ्या गावचा, मग पळसदेवचा.

"मावशी, ही रेघ बघा. ही खवट झालेल्या चरबीची. हा मासा माझ्या डब्यात, एसटीत खराब झाला. आणि हा तुमच्या हातचा. दिसते का रेघ?"

"न्हाय दिसत. लई बारीक हाय."

"कारण तुम्ही हळद लावली होती. तुमचा मासा नासला नाही. पण मला वाटलं पळसदेवच्या पाण्यातच जादू आहे, आणि मी तसं सगळीकडे सांगत सुटले. ती जादू पाण्यात नव्हती."

द्वारकाबाई त्या दोन चित्रांकडे बघत बसल्या. त्यांना सगळं कळलं असेल की नाही, सांगता येत नाही. पण मुद्दा कळला.

"मंजी माज्या हळदीनं तुजी दोन वर्षं फुकट घालवली म्हन की."

"नाही मावशी. हळदीने नाही. मी तुम्हाला विचारलंच नाही, म्हणून गेली. डबा कसा भरायचा ते सांगितलं, पण तुम्ही मासा कसा धरता, काय करता, एकदासुद्धा विचारलं नाही. आणि नंतर हात लावू नका म्हणाले, तेव्हाही का ते सांगितलं नाही."

द्वारकाबाईंनी पदराने डोळे पुसले. मग पदर नीट खोचला आणि म्हणाल्या, "इचारलं आसतंस तर सांगितलं आसतं गं. मला कुनी इचारतच न्हाय."

श्यामला त्यांच्या गुडघ्यांपाशी खाली बसली. "आता विचारते. सांगा. जाळं वर आल्यापासून काय काय करता?"

आणि द्वारकाबाई सांगू लागल्या. मासा कसा ओळखायचा, खवले कुठून काढायचे, हळद आधी का मीठ आधी, पावसाळ्यात काय वेगळं, त्यांच्या सासूने काय शिकवलं, दत्तोबांना काय आवडत नाही. तासभर त्या बोलत होत्या. श्यामलाने वही काढली, थोडं लिहिलं, मग वही मिटून नुसती ऐकत राहिली. मीही ऐकत होतो. इतक्या वर्षांत माझ्या खोलीत इतकं कोणी बोललं नव्हतं.

श्यामला गेल्याला आता दोन वर्षं झाली. पंप बंद आहे. माझ्या अंगावर फडकं आहे आणि फडक्यावर धूळ.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी यंत्र म्हणतं, मला पुसा, मला जपा. पुसलंत तर बरंच वाटेल, मी नाही म्हणत नाही. पण मला दुसरंच मागायचं आहे. आज घरी गेलात की तुमच्यासाठी रोज न सांगता काहीतरी करणारं जे कोणी असेल, त्याच्यापाशी बसा आणि विचारा, "तुम्ही हे कसं करता?" उत्तर लांबेल. मधेच उठू नका.